पहिली भेट दोन तासांची: कुडाळची मुलगी आणि मुंबईतला एक रविवार

पार्श्वभूमी

हे प्रकरण दोघांच्याही परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नावं मुद्दाम घातलेली नाहीत. मी कुडाळात लग्नाच्या वयाच्या मुलामुलींशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलण्याचं काम करते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांची अडचण पत्रिकेची किंवा पगाराची नसते. दोन अनोळखी माणसांनी पहिल्यांदा भेटायचं कुठे आणि कसं, इथेच गाडी अडते.

ती अठ्ठावीस वर्षांची. बँकेच्या शाखेत नोकरी, घर कुडाळजवळच्या गावात. तो एकतीसचा, मूळ संगमेश्वर तालुक्यातला. डोंबिवलीत दोन मित्रांबरोबर भाड्याच्या खोलीत राहतो आणि फोर्टात मालवाहतुकीच्या एका कचेरीत काम करतो. ओळख विवाहजुळणीच्या संकेतस्थळावर झाली. आधी मेसेज, मग फोन, असं साधारण दोन महिने चाललं होतं. सुरुवातीचं अहो-जाहो गळून पडलं होतं, पण समोरासमोर दोघांनी एकमेकांना पाहिलं नव्हतं.

तिच्यामागे पाहण्याचे काही कार्यक्रम होऊन गेले होते. एकदा तर टेम्पो ट्रॅव्हलर भरून माणसं आली, पोहे-चहा झाला, मुलाशी गच्चीवर दहा मिनिटं बोलणं झालं आणि आठवड्याने निरोप आला की मुलीची उंची कमी वाटते. त्यानंतर तिने घरी सांगून टाकलं, यापुढे मी आधी स्वतः भेटेन, मग तुम्ही. आईने मान्य केलं. वडिलांनी उत्तर दिलं नाही. आमच्याकडे ते अर्धा होकारच असतो.

अडचण

भेटायचं कुठे? कुडाळात शक्य नव्हतं. बसस्थानकाजवळ दोघं चहाला बसली तर संध्याकाळच्या आत बातमी घरी पोहोचते. मालवणच्या धक्क्यावर तिचा चुलतभाऊ होड्यांच्या धंद्यात. मालवणच्याच चिवला किनाऱ्यावर जावं तर तिथे पर्यटक भरपूर असतात, पण टपरीवाला गाववाला निघतो आणि विचारतो, "खयची गो तू? कोणाची?" या प्रश्नात वाईट काहीच नाही, इथली माणसं अशीच ओळख लावतात. पण दोघं एकदा एकत्र दिसली की लोकांच्या लेखी लग्न ठरलेलं असतं आणि पुढे जमलं नाही तर बोलणी मुलीलाच बसतात. मुलगा मुंबईला निघून जातो, ती मात्र रोज त्याच बाजारातून शाखेत जाते.

तेवढ्यात तिला बँकेच्या प्रशिक्षणासाठी मुंबईला जायचं निघालं. डिसेंबरातला सोमवार आणि मंगळवार, फोर्टात. राहायला दादरला मावशीकडे. रविवार मोकळा होता. मुंबईत कोणी ओळखत नाही, म्हणून भेट तिथेच घ्यायची, हे दोघांनी फोनवर पाच मिनिटांत ठरवलं.

मग त्याने बेत पाठवला आणि ती माझ्याकडे आली. बेत असा होता: पहाटे तो दादरला तिला उतरवून घ्यायला येणार. तिथून गेटवे, बोटीने मांडवा, पुढे अलिबाग, किनारा, दुपारचं मासळीचं जेवण. संध्याकाळी परत येऊन मरीन ड्राइव्ह आणि रात्री वांद्र्याला कुठेतरी गच्चीवरच्या हॉटेलात जेवण. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. दोन महिने वाट पाहिल्यावर मिळालेला एक दिवस काठोकाठ भरावा असं त्याला वाटलं आणि त्यात त्याचा जीवही होता. तिला मात्र तो मेसेज वाचून दडपण आलं. का आलं, ते तिला स्वतःला सांगता येईना. "चांगलाच बेत आहे ना काकी? मग मला नको का वाटतंय?"

पर्याय तोलताना

आम्ही बेत कागदावर मांडला आणि प्रत्येक टप्प्यापुढे एकच प्रश्न लिहिला: इथून तुला निघावंसं वाटलं तर कशी निघशील?

अलिबागपाशीच कागद अडला. गेटवेहून मांडव्याला बोटीने तासभर लागतो आणि परतीची बोट हीच परतीची वाट. नाहीतर पेण-पनवेलवरून रस्त्याने शंभरेक किलोमीटर. म्हणजे सकाळी अकरा वाजता तिला कळलं की हा माणूस आपल्याला नको, तरी संध्याकाळपर्यंत तिने हसत राहायचं. त्यालाही तोच तुरुंग. पाहण्याच्या कार्यक्रमात निदान दहा मिनिटांत सुटका तरी होते! तिला दडपण आलं ते यामुळे. अलिबाग सुंदर आहे, पण ते चौथ्या-पाचव्या भेटीला.

पहाटे दादरला भेटणंही बाद झालं. रात्रभर तुतारी एक्सप्रेसने आलेली, दात घासायचे बाकी, हातात मावशीसाठी कुळथाचं पीठ आणि आमसुलांची पिशवी. अशा वेळी कोणालाच पहिल्यांदा भेटू नये.

सिनेमाचा विचार झाला. तीन तास अंधारात गप्प बसून माणूस कळत नाही. नाटकाचंही तेच, जरी मध्यंतरात वडा खाता खाता थोडं बोलणं होतं. गच्चीवरच्या हॉटेलाची अडचण वेगळी. तिथलं बिल मोठं असतं आणि मोठं बिल एकाने भरलं की दुसऱ्यावर न बोललेलं ओझं चढतं. शिवाय जेवण म्हणजे समोरासमोर दीड तास. अनोळखी माणसाच्या डोळ्यांत सलग इतका वेळ बघणं सोपं नाही.

तिने स्वतः आणखी एक पर्याय काढला, रत्नागिरी. दोघांना मधलं, गाडीची सोय, भाट्याचा किनारा, थिबा राजवाडा. पण त्याचे अर्धे नातेवाईक रत्नागिरी शहरात. मालवणचीच अडचण तिथे त्याच्या बाजूने उभी राहिली असती.

राहिली मुंबईच, फक्त छोटी करून. मी तिला सुचवलं ते इतकंच: दोन तास धर. अशी जागा बघ, जिथे उभं राहून बघण्यासारखं काही आहे, पैसे लागत नाहीत, उशीर झाला तर वाट बघणं अवघड वाटत नाही आणि जवळच स्टेशन आहे. संपण्याची वेळ आधीच सांगून टाक. बरं वाटलं तर तासभर वाढव, त्यापुढे नाही.

ही शेवटची अट तिला जाचक वाटली. "छान चाललं असेल तर का थांबवायचं?" मी म्हटलं, छान चाललेलं असताना थांबलं की दुसऱ्या भेटीची ओढ राहते. आणि छान चाललं नसेल, तर हीच वेळ तुला कोणालाही न दुखावता बाहेर काढते.

काय ठरलं

जागा काळा घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरी. 1952 पासून उभी असलेली, प्रवेश मोफत, संध्याकाळी सातपर्यंत उघडी. जुन्या माणसांना तिथलं समोवार हे उपाहारगृह आठवेल. ते 2015 मध्ये बंद झालं, नाहीतर चहाचाही प्रश्न तिथेच सुटला असता.

वेळ साडेचार. ही वेळ सहज निघाली नाही. रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असतो, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी गाड्या अडवतात, साधारण अकरापासून चारपर्यंत, आणि तो येणार डोंबिवलीहून. त्याने आधी दुपारी दोन म्हटलं होतं. मुंबईत राहणारा माणूस ब्लॉक विसरतो, कारण रविवारी तो घरीच असतो.

शेवट साडेसहाला, चर्चगेट स्टेशनवर. निरोप तिथेच घ्यायचा, "सोडायला येतो" नाही. खरं तर दोघांचीही वाट दादरपर्यंत एकच. तिला दादरला उतरायचं, त्याला दादरला मध्य रेल्वेची गाडी बदलायची. तरी ती महिलांच्या डब्यातून आपली आपण जाणार, हे तिने आधीच सांगितलं. त्याला थोडं लागलं असावं. "माझ्यावर विश्वास नाही का?" असं त्याने विचारलं. तिचं उत्तर मला फार आवडलं: "विश्वास आहे की नाही हे ठरवायलाच तर भेटतोय." तो हसला आणि विषय मिटला.

कोणाला सांगायचं, हा खरा निर्णयाचा क्षण होता. तिला मावशीला सांगायचं नव्हतं. "मैत्रिणीकडे जाते" असं सांगून सुटायचा विचार होता. आईने मालवणीत ठणकावलं, "जा गो, पण मावशेक सांगान जा." मीही आईच्याच बाजूने होते. लपवलं की मन अर्धं भेटीत आणि अर्धं घड्याळात राहतं. शिवाय काही झालंच तर मदत मागताना आधी खोटं उलगडावं लागतं. मावशीला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, वेळेत ये म्हणजे झालं. मावसबहिणीला व्हॉट्सअ‍ॅपवर लोकेशन पाठवून ठेवायचं ठरलं आणि एक खुणेचं वाक्य: "मावशीचं औषध आणायचं आहे का?" हे आलं की बहिणीने लगेच फोन करून घरी बोलवायचं. 112 हा तातडीच्या मदतीचा क्रमांक तिला ठाऊक होता. त्याची गरज पडेल असं कोणालाच वाटत नव्हतं, पण ठाऊक असणं वेगळं.

बोलण्याचं एक कुंपणही दोघांनी मिळून घातलं. पत्रिका, पगार, घरच्यांच्या अपेक्षा आणि लग्नानंतर कुठे राहायचं, आज काही नाही. या कुंपणाबद्दल पुढे सांगायचं आहे.

प्रत्यक्ष रविवार

तो पंचवीस मिनिटं उशिरा आला. ब्लॉक संपला होता, पण मागे तुंबलेल्या गाड्या एकामागे एक रखडत होत्या. त्याने ठाण्याहूनच कळवलं होतं, ही जमेची बाजू. ती तोवर आत जलरंगांचं एक प्रदर्शन बघत होती. हेच ती चर्चगेटच्या इंडिकेटरखाली पर्स घट्ट धरून उभी असती, तर तो येईपर्यंत तिचा अर्धा उत्साह संपला असता. जागा निवडताना वाट बघणाऱ्याचा विचार सहसा कोणी करत नाही. इथे तो केलेला होता आणि उपयोगी पडला.

पहिली दहा मिनिटं अवघडच गेली. फोनवरचा आवाज आणि समोरचा माणूस जुळायला वेळ लागतो. पण दोघं एकमेकांकडे बघण्याऐवजी शेजारी उभं राहून भिंतीवरच्या चित्रांकडे बघत होती. एका चित्रात खाडी होती. त्याने म्हटलं, ही आमच्याकडची वाटते. तिने म्हटलं, माडाची चुडतं बघ, आमच्याकडचीच आहे. यावर पाच मिनिटं वाद झाला आणि त्या वादात अवघडलेपण गेलं.

पुढे बेत फसला. त्याने चहासाठी फोर्टातलं एक जुनं हॉटेल मनात धरलं होतं, रोज दुपारी तो जायचा ते. ते रविवारी बंद. फोर्टातली बरीच हॉटेलं कचेऱ्यांवर जगतात आणि कचेऱ्या बंद की तीही बंद. तो ओशाळला, दोनदा माफी मागितली. ती म्हणाली, चल, चालत जाऊ, वाटेत मिळेल. ओव्हल मैदानाच्या मधल्या वाटेने दोघं चर्चगेटकडे निघाली. रविवार असल्याने दोन्ही बाजूंना क्रिकेटचे सामने रंगले होते. एका हाताला उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि 1878 मध्ये पूर्ण झालेला राजाबाई टॉवर, दुसऱ्या हाताला आर्ट डेको धाटणीच्या इमारतींची रांग. ही दोन्ही बाजूंची वास्तुरचना 2018 पासून जागतिक वारसा यादीत आहे, हे त्याने सांगितलं. रोज कचेरीला जाताना टॉवर दिसतो, पण मैदान कधी ओलांडलं नव्हतं म्हणाला. बंद हॉटेलामुळे दिवसातला सगळ्यात मोकळा अर्धा तास त्यांना मिळाला. कारण साधं आहे. चालताना बोलणं थांबलं तरी ते खटकत नाही.

चर्चगेटजवळ चहा आणि बनमस्का. पैसे त्याने दिले, तिने "पुढचं माझं" म्हटलं. छोट्या रकमेत हे सोपं जातं.

आणि इथे कुंपण मोडलं. सव्वासहाच्या सुमारास तो सहज बोलून गेला, "मुंबईत बदली मिळायला तुला किती वेळ लागेल?"

ती गप्प झाली. बदली हवी आहे असं ती कधीच म्हणाली नव्हती. उलट कुडाळात राहायचं हे तिचं आधीपासून ठरलेलं. घर, आई-वडील, आंब्या-काजूची झाडं आणि शाखेत मिळवलेलं नाव. तिने सरळ सांगितलं, "मला बदली नको आहे." त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य होतं. राग नव्हता, आणि ते तिने टिपलं. त्याने धरून चालल्यासारखं विचारलं होतं, कारण त्याच्या गावातून मुंबईला गेलेल्या प्रत्येकाच्या मागून बायको मुंबईलाच आली होती.

साडेसहाला पंधरा मिनिटं उरली होती. उठून निघायची सोय तिच्या हातात होती. तिने भेट वाढवली. मला तिने नंतर सांगितलं, की सगळं गोड चाललं असतं तर कदाचित वेळेवर उठलेच असते. पण हा विषय अर्धा टाकून गाडीत बसले असते, तर रात्रभर मनातल्या मनात भांडत राहिले असते. बहिणीला "एक तास उशीर, सगळं ठीक" असं कळवलं आणि दोघं मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर जाऊन बसली. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, त्यामुळे अंधार पडला होता. पण रविवारची गर्दी भरपूर. चणे-शेंगदाणे तिने घेतले.

त्या तासात त्याने जे सांगितलं, ते दोन महिन्यांच्या फोनवर निघालं नव्हतं. गावी परत जाऊन काय करायचं याची त्याला भीती वाटते. त्याच्या कामाला तिथे जागा नाही आणि वडिलांसारखं फक्त सणाला घरी येणारं माणूस त्याला व्हायचं नाही. तिनेही सांगितलं, की मुंबईची तिला भीती नाही, पण दादरच्या मावशीचं सगळं आयुष्य "एक दिवस गावी जाऊ" असं म्हणण्यात गेलेलं तिने पाहिलं आहे. उत्तर निघालं नाही. साडेसातला चर्चगेटला निरोप झाला. ती पहिल्या गाडीत महिलांच्या डब्यात चढली, तो पुढच्या गाडीने गेला. दादरला उतरल्याचा तिचा मेसेज आधी बहिणीला गेला, मग त्याला.

पुढे काय झालं

शिमग्याला तो गावी आला, तेव्हा दोघं पुन्हा भेटली. या वेळी रत्नागिरीत, भाट्याच्या किनाऱ्यावर, नातेवाइकांची भीड थोडी बाजूला ठेवून. आणखी एकदा ती मुंबईला गेली. एप्रिल संपता संपता त्यांनी हा विषय थांबवायचं ठरवलं. तो मुंबई सोडू शकत नव्हता, ती कुडाळ सोडू इच्छित नव्हती. आठवड्याला ये-जा करण्याचा हिशेबही मांडून झाला, पण मुलंबाळं झाल्यावर कोण कुठे, याला उत्तर नव्हतं.

हे प्रकरण जमलं नाही म्हणून फसलं, असं मी मानत नाही. दोन्ही घरांची माणसं अजून बैठकीला बसली नव्हती. साखरपुड्याची तारीख नव्हती, आहेराच्या साड्या घेतलेल्या नव्हत्या. गावात चर्चा झाली नाही. लग्नानंतर पहिल्या वर्षात जे भांडण झालं असतं, ते मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर चणे खाताना झालं आणि तेही एकमेकांना मान देऊन. दोघं अजून सणावाराला मेसेज करतात.

वेगळं काय करता आलं असतं

बोलण्याचं कुंपण. पत्रिका आणि पगार बाजूला ठेवणं योग्यच होतं, त्यामुळे भेट मुलाखत झाली नाही. पण "लग्नानंतर कुठे राहायचं" हा प्रश्न त्या गठ्ठ्यात टाकायला नको होता. कोकणातल्या जोड्यांसाठी तो सगळ्यात पहिला प्रश्न आहे. इथल्या पिढ्यान्‌पिढ्या चाकरमानी होऊन गेल्या, आणि आता प्रथमच मोठ्या संख्येने मुली "मी इथेच राहणार" म्हणताहेत. तो प्रश्न फोनवरच, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात निघायला हवा. तो निघाला असता तर कदाचित ही भेट झालीच नसती. तिला मी हे बोलले, तेव्हा ती म्हणाली, झाली ते बरंच झालं. तिच्या मताचा मला आदर आहे, पण पुढच्या प्रत्येक मुलीला मी प्रश्न आधी विचारायलाच सांगते.

वार. रविवार सोयीचा वाटतो, पण मेगाब्लॉक आणि फोर्टातली बंद दुकानं या दोन्ही अडचणी रविवारच्याच. नोकरीतून शनिवारची दुपार काढता आली तर ती घ्यावी. रविवारच असेल तर आदल्या दिवशी ब्लॉकचं वेळापत्रक बघावं आणि चहाच्या जागेला फोन करून विचारावं, उघडं आहे का.

मुलाच्या बाजूने कोणालाच काही माहीत नव्हतं, हेही मला खटकतं. तिच्याकडे आई, मावशी, बहीण अशा तिघी होत्या. त्याच्याकडे कोणी नव्हतं. खोलीवरचे मित्र चेष्टा करतील म्हणून त्याने त्यांनाही सांगितलं नाही. त्या रात्री डोंबिवलीला पोहोचल्यावर बदलीचा विषय कोणाशी बोलावा हे त्याला कळेना. पहिल्या भेटीच्या तयारीत आपण सुरक्षेचा विचार मुलीपुरता करतो आणि तो करायलाच हवा. पण भेटीनंतर बोलायला एक माणूस मुलालाही लागतो. आता मुलगे माझ्याकडे आले, तर भेटीची जागा विचारण्याआधी मी त्यांना विचारते, की परत आल्यावर फोन कोणाला करणार आहात.

दोन तासांची मर्यादा मात्र मी बदलणार नाही. तिने ती मोडली, पण ती होती म्हणून मोडण्याचा निर्णय तिचा स्वतःचा ठरला.

पावसाळा सुरू होण्याआधी तिची आणखी एका मुलाशी ओळख झाली. तो ठाण्यात असतो, मूळ वेंगुर्ल्याचा. कुठे राहायचं हे तिने तिसऱ्याच फोनला विचारून घेतलं. भेट शनिवारी ठेवली, राणीच्या बागेत, दुपारी साडेतीन ते साडेपाच. या खेपेला माझ्याकडे ती बेत तपासून घ्यायला आली नाही. फक्त कळवायला आली.